खोलीतली खोली

घर बांधायला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या मागण्या मला आता तोंडपाठ झाल्या आहेत. देवघर ईशान्येला, गॅसचा ओटा आग्नेयेला, आजोबांच्या खोलीला लागून कमोड, आणि चपलांचं कपाट असं, की चपला दिसू नयेत पण सापडाव्यात. पुण्यात आर्किटेक्टचा धंदा करणारा माणूस यातलं सगळं गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आधीच कागदावर उतरवून ठेवतो. पेन्सिल अडते ती शेवटी. सगळं बोलून झालेलं असतं, चहा झालेला असतो, मी कागद गुंडाळत असतो, आणि तेवढ्यात घरातला एक जण खाकरून म्हणतो, "आणि हो, रियाजाला एक छोटीशी खोली निघाली तर बघा."

ज्या घराची गोष्ट सांगतोय, तिथे खाकरणारे गृहस्थ गाणं शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना बुवा म्हणायची, मीही तेच म्हणायला लागलो. जुना बंगला पाडून नवा बांधायचा होता. राहणारी माणसं अशी : बुवा, काकू, बुवांच्या मातोश्री म्हणजे आजी, लॅपटॉपवर संगीत करणारे चिरंजीव आणि आयटी कंपनीचं काम घरून करणाऱ्या सूनबाई. खोलीबद्दल पाचही जणांचं आश्चर्यकारक एकमत होतं. आवाज अडला पाहिजे!

कोणता आवाज, हे विचारल्यावर एकमत संपलं. बुवांना कुकरच्या शिट्ट्या आत यायला नको होत्या. काकूंना बुवा बाहेर यायला नको होते. "गाणं चांगलंच आहे हो त्यांचं," काकू म्हणाल्या, "पण मैफलीत आख्खा राग ऐकायला मिळतो. घरात एकच पलटा तासभर. माणूस कधी पुढे सरकतच नाही." चिरंजीवांना वडिलांचा तंबोरा आपल्या मायक्रोफोनमध्ये नको होता. सूनबाईंना परदेशी साहेबाशी बोलताना मागून 'धिरधिर किटतक' नको होतं. आजी सगळ्यांचं ऐकून घेत शेवटी म्हणाल्या, "काय अडवायचं ते अडवा. मला मात्र माझ्या खाटेवरून त्याचं गाणं ऐकू आलं पाहिजे. चुकला की कोण सांगणार?"

घरात स्टुडिओ काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते या बैठकीत मला कळून चुकलं. भिंत, काच, रबर हे नंतरचं. आधी ठरवायचं असतं ते हे, की या घरात कोणाच्या आवाजाला गाणं म्हणायचं आणि कोणाच्या आवाजाला कटकट. प्रत्येकाचा स्वतःचा आवाज पहिल्या वर्गात असतो. दुसऱ्या वर्गात बाकीचे चौघे.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव अंड्यांचे कागदी ट्रे घेऊन आले. शेकड्यानं. हे भिंतीला चिकटवले की खोली साउंडप्रूफ होते, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. ही समजूत देशभर आहे आणि तिचा फायदा फक्त पोल्ट्रीवाल्यांना होतो. खोलीत घुमणारा आवाज शोषून घेणं ही एक गोष्ट आणि खोलीतला आवाज बाहेर जाऊ न देणं ही अगदी वेगळी. पहिलीला मऊ, जाड, सच्छिद्र वस्तू लागते. दुसरीला वजन लागतं. ट्रे मऊ म्हणावा तर जाड नाही, आणि वजन तर नाहीच. तार सप्तकातला थोडा चरचरीतपणा तो गिळतो. डग्गा त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पलीकडे जातो.

आवाज शोषण्याचं शास्त्र सुरू झालं तेच मुळी गाद्यांपासून. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं फॉग संग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं. त्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. प्राध्यापकाचं दुसरं वाक्य संपायला यायचं तरी पहिलं हवेतच असायचं. हे निस्तरायला वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला नेमलं. जवळच्याच सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या तो रात्री माणसं लावून उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, घुमणं किती वेळात विरतं ते घड्याळ लावून मोजायचा आणि पहाटेच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून त्यानं जे सूत्र काढलं त्यावर आजही जगभरची सभागृहं बांधली जातात. हे मी बुवांच्या घरी सांगितलं तेव्हा काकूंना सॅबिनच्या शोधापेक्षा त्यानं गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या याचंच जास्त कौतुक वाटलं. "नाहीतर आमच्याकडे," एवढंच म्हणून त्यांनी चिरंजीवांकडे पाहिलं. पण या गोष्टीचा उपयोग झाला. पाहुण्यांसाठी म्हणून जपलेला गाद्यांचा मोठा ढीग घरात होता. नव्या घरात तो ठेवायचा कुठे, यावरून दोन बैठका वाया गेल्या होत्या. मी तो खोलीच्या कोपऱ्यात उभा केला. खर्जाचा घुमारा कोपऱ्यातच सगळ्यात जास्त साठतो, आणि तो खायला गाद्यांच्या थप्पीइतकी स्वस्त वस्तू बाजारात मिळत नाही.

आता वजन. भिंतीचं वजन दुप्पट केलं, तर पलीकडे जाणारा आवाज पुस्तकी हिशेबानं ६ डेसिबलनं उतरतो. पण कानाला तो निम्मा वाटायचा तर १० डेसिबल उतरावा लागतो. म्हणजे नऊ इंची भिंतीपलीकडे ऐकू येणारे बुवा निम्मे करायचे, तर भिंत सव्वादोन फुटांच्या पुढे न्यावी लागते. हा हिशेब ऐकून कॉन्ट्रॅक्टरनं विचारलं, "साहेब, बंगला बांधायचाय का बुरूज?" बुरूज परवडत नाही म्हणून जगानं दुसरी युक्ती काढली आहे. दोन भिंती, मध्ये पोकळी. आतली जमीन रबराच्या ठोकळ्यांवर, आतलं छत वेगळं. खोलीच्या आत दुसरी खोली, आणि दोघी एकमेकींना कुठेही चिकटत नाहीत. हिस्सेवाटणी झालेल्या भावांसारख्या त्या भिंती शेजारी उभ्या राहायच्या, पण एकाच्या घरातलं दुसऱ्याला कळता कामा नये.

हे कागदावर फार सोपं दिसतं. अडचण अशी, की आपल्याकडच्या कारागिराला दोन भिंतींमध्ये रिकामी जागा बघवत नाही. गवंड्यानं उरलेला मसाला त्या पोकळीत सोडला. सुतारानं आतली चौकट हलू नये म्हणून चांगला लांब स्क्रू मारून ती बाहेरच्या भिंतीला पक्की केली आणि वर शाबासकी मागितली. इलेक्ट्रिशियननं दोन्ही बाजूंनी समोरासमोर झिऱ्या मारून स्विचचे डबे असे बसवले, की बुवांच्या खोलीतलं बटण काढलं की सूनबाईंची खोली दिसावी. असा एकेक स्क्रू म्हणजे आवाजाला घातलेला पूल. भोकाचा हिशेब त्याहून क्रूर. ५० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत शंभरातला एक भाग उघडा राहिला, तर ती सगळी भिंत जेमतेम २० डेसिबल अडवते. बाकीच्या नव्व्याण्णव भागांवर केलेल्या खर्चाला काही अर्थ उरत नाही.

आणि दार हे तर उघडंच ठेवलेलं भोक. त्याच्या खालच्या फटीतून जुगलबंदी आरामात निघून जाते. मी दाराला उंबरठा काढला, म्हणजे बंद झाल्यावर दार त्यावर रबरासकट घट्ट टेकेल. सगळ्या प्लॅनमध्ये आजींना आवडलेली ती पहिली गोष्ट. "मी कधीची सांगतेय, घराला उंबरठा हवा," त्या म्हणाल्या. बाकी घरात तो नव्हता, कारण सूनबाईंना जमीन पुसणारा गोल रोबो फिरवायचा होता आणि त्याला उंबरठा चढता येत नाही. लक्ष्मीनं कुठल्या दारानं यायचं आणि रोबोनं कुठल्या, यावर बराच खल होऊन निवाडा असा झाला, की मुख्य दार रोबोचं आणि लक्ष्मी स्टुडिओत. एवढ्या वर्षांत गाण्याकडे तिनं पाठच फिरवली होती, तेव्हा बुवांनी हरकत घेतली नाही.

मग वास्तुतज्ज्ञ आले. त्यांना खोली चौरस हवी होती. चौरस शुभ. ध्वनिशास्त्राला चौरसाइतकं अशुभ काही नाही, आणि घन तर महाअशुभ. पुण्यातली दहा बाय दहाची खोली, वर दहा फुटांवर स्लॅब, म्हणजे जवळजवळ घनच. अशा खोलीत लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकाच सुरावर जोर लावतात. दहा फुटांना तो ५६ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि मग त्याची दुप्पट, तिप्पट. मंद्रातला एखादा सूर भलताच गलेलठ्ठ होतो, शेजारचा उपाशी राहतो. गाणाऱ्याला वाटतं आपला आवाज लागलाय, खरं तर खोली लागलेली असते. वास्तुतज्ज्ञ एक इंच हटेनात, माझ्याच्यानंही हटवेना. पण खोलीत खोली असण्याचा असाही फायदा असतो. बाहेरची चौरस ठेवली, आतली तिरकी केली. बाहेरून शास्त्र, आतून विज्ञान. वास्तुतज्ज्ञांनी बाहेरूनच नारळ फोडला.

खोली अशी सगळीकडून बुजवल्यावर एक बारीकशी गोष्ट राहते. माणसाला श्वास लागतो, गवयाला जरा जास्तच लागतो. खिडकी बंद म्हणून पंखा लावावा, तर त्याची पाती गाणाऱ्याचा सूर कापून मायक्रोफोनला देतात, आणि निश्चयानं लावलेला षड्ज कंप घेत येतो. एसी लावावा, तर तो घरघरतो. ती घरघर घालवायला लांब वळणं घेत जाणारी, आतून अस्तर लावलेली हवेची नळी काढावी लागते, आणि ती सूनबाईंच्या कपाटातून जाते. शिवाय एसी हवा कोरडी करतो. पावसाळ्यात बैठकीच्या खोलीत तबल्याची पुडी दमट हवेनं उतरलेली, स्टुडिओत नेली की चढायला लागते. मिरजेहून हौसेनं आणलेला तंबोरा एका खोलीत मिळवायचा आणि दुसऱ्या खोलीत नेईपर्यंत तो उतरलेला. त्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये सरकारनं भौगोलिक मानांकनसुद्धा दिलं. त्या भोपळ्याची, त्या लाकडाची, त्या तारांची हवामानाबद्दल स्वतःची मतं असतात आणि ती घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा ठाम असतात.

फ्रिजचा प्रश्न बुवांनी स्वतः शोधून काढला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारी यंत्रं साधारण तिच्या दुपटीत, १०० हर्ट्झच्या आसपास गुणगुणतात. पेटीवर तो सूर पांढरी पाचच्या अगदी जवळ. बुवांचा सा काळी एक. आता काळी एकवरून पांढरी पाच म्हणजे काय, हे कुठलाही विद्यार्थी सांगेल : तीव्र मध्यम. स्वयंपाकघरातला फ्रिज अहोरात्र तीव्र मध्यम लावून बसलेला होता. "यमनला मला काही त्रास नाही," बुवा म्हणाले. "मारवाही चालतो. पण मालकंस काढला, की हा मेला मध्ये बोलतो." घरात यावर तोडगा निघाला होता. बुवा मालकंस गाणार असतील त्या संध्याकाळी फ्रिज बंद राहायचा. त्यामुळे मालकंस म्हटलं की काकूंना कोमल गांधार, कोमल धैवत वगैरे काही आठवत नाही. दूध आठवतं. माझ्या प्लॅनमध्ये फ्रिज स्टुडिओच्या भिंतीपासून दोन खोल्या लांब गेला, तेव्हा दूध सुटलं आणि मालकंसही.

शांततेच्या मागे लागलेले हे काही पहिलेच नव्हेत. लंडनमध्ये चेल्सीला राहणारा इतिहासकार टॉमस कार्लाइल शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी आणि पियानोनं इतका पिडला, की १८५३ साली त्यानं घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची आवाजबंद खोली बांधायला घेतली. खोली झाली. जवळचे आवाज जरा मंदावले, तोच आजवर कधी न जाणवलेले लांबचे आवाज येऊन पोचायला लागले. गुस्ताव मालर हा संगीतकार जास्त व्यवहारी. त्यानं भिंतीशी भांडण केलं नाही, घरापासून लांब एक झोपडीच बांधली. स्टाइनबाखला एक, मायर्निगला एक, टोब्लाखला एक. तो तिकडे सिम्फनी लिहायचा आणि इकडे घरच्यांनी आवाज करायचा नाही. हा नमुना मी बुवांना सुचवून पाहिला. बंगल्याच्या मागे झोपडीला जागा होती. पण महापालिकेच्या नियमात सामासिक अंतर सोडायचं असतं, आणि सिम्फनीसाठी त्यात सूट नाही.

तरी एका घराची आठवण मला सारखी होत राहिली. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात १९४८च्या सुमारास हवापालटासाठी देवासला जाऊन राहिले. गायला बंदी होती. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर काय येई, तर पाखरं, रस्त्यानं जाणारे गाणारे, माळव्यातल्या बायकांची गाणी. ते ऐकणं त्यांच्या गाण्यात उतरलं. माळव्याची लोकगीतं आणि निर्गुणी भजनं त्यांच्याकडून पुढे जगानं ऐकली. आता समजा, त्या घराला माझ्यासारखा कुणी आर्किटेक्ट भेटला असता. दुहेरी काच, रबराची पट्टी, ५० डेसिबल. उत्तम काम झालं असतं, आणि हिंदुस्थानी संगीताचं केवढं नुकसान! हे मी बुवांना बोलून दाखवलं. ते विचारात पडले. म्हणाले, "खरंय. पण त्यांच्या खिडकीखालून माळवा जात होता. माझ्या खिडकीखालून टँकर जातो, मागे सरकताना धून वाजवत." काच दुहेरीच बसली.

कायदा या बाबतीत सरळ आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. सगळी पंचाईत अशी, की खर्जाच्या रियाजाची वेळ पहाटे चारची. बुवा ब्राह्ममुहूर्त म्हणायचे, शेजारी रात्र म्हणायचे. जुना बंगला होता तेव्हा शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी या पहाटेच्या खर्जाबद्दल लेखी तक्रार दिली होती, अगदी सभ्य भाषेत. तेच सेक्रेटरी गणपतीत ढोल-ताशा पथकापुढे झेंडा नाचवताना दिसले. तेव्हा बुवांच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर निखळ आनंद होता. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डेसिबल मोजायला यंत्र मिळतं, पण आवाज आपला की परका हे त्यात दिसत नाही.

शेवटी खोली तयार झाली. दार लावलं. आत अशी शांतता, की स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू यावं. बुवा तंबोरा घेऊन बसले, सा लावला, आणि गोंधळून थांबले. चिरंजीवांनी मायक्रोफोनसाठी भिंतींवर इतका स्पंज लावला होता, की सा गेला तो परत आलाच नाही. "ही खोली दाद देत नाही," बुवा म्हणाले. मग फिरत्या फळ्या केल्या, एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला रॉकवूल. बुवांच्या वेळी लाकूड पुढे, चिरंजीवांच्या वेळी रॉकवूल. घरातला पिढ्यांचा प्रश्न बिजागरीनं सुटल्याचं हे एकमेव उदाहरण माझ्या पाहण्यात आहे. आजींच्या मागणीसाठी त्यांच्या खाटेशी एक स्पीकर दिला, आतल्या मायक्रोफोनला जोडलेला. आजींनी त्याला लगेच उत्तरादाखल एक घंटी मागितली. बुवांचा निषाद उतरला, की आतमध्ये लाल दिवा लागतो.

घर राहतं झाल्यावर काही महिन्यांनी मी चक्कर टाकली. बुवा जिन्याखाली पेटी घेऊन बसले होते. स्टुडिओत कोण आहे, विचारलं. म्हणाले, "सूनबाईंचा कॉल चाललाय. त्यांच्यानंतर हिची वेळ." काकू रोज दुपारी आत जाऊन बहिणीशी फोनवर बोलायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात जे मोठ्यानं बोलता आलं नव्हतं, ते दार लावून पुरेपूर बोलून घ्यायच्या, आणि बाहेर आल्यावर चहा फारच चांगला करायच्या. त्यांच्यानंतर चिरंजीव. दर एकादशीला आजी, जपाला म्हणून, पण दुसऱ्याच मिनिटाला घोरायच्या आणि ते रेकॉर्ड व्हायचं. दारावर वेळापत्रक लावलं होतं. त्यात बुवांच्या वाट्याला पहाटेचे चार ते सहा आले होते, कारण ती वेळ दुसऱ्या कुणालाच नको होती. "आपलं बरं आहे," बुवा म्हणाले. "जिन्याखाली घुमारा छान येतो. शिवाय इथे गायलं की स्वयंपाकघरातून ही काहीतरी बोलते तरी."

आता माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या यादीत देवघर, ओटा, कमोड यांच्या जोडीला ही खोली आपसूक यायला लागली आहे. परवाच एक जोडपं बंगल्याचं काम घेऊन आलं. बुवांच्या घरी कुणीतरी ती खोली पाहिली होती म्हणे. दुहेरी भिंत, उंबरठा, रबराची जमीन, सगळं तसंच हवं होतं, खर्चाची घासाघीससुद्धा नाही. फळ्यांचं ठरवायचं म्हणून मी विचारलं, "गातं कोण?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही हो, गात कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "पण आम्ही सहा जण एकत्र राहतो."